न्यूझीलंडमधली पहिली शिकारी रायफल : कोणती घ्यावी आणि का

मुलुंडच्या एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त पाच महिन्यांनी ते सपत्नीक ख्राइस्टचर्चला जाणार आहेत. तिथले सहकारी सुट्टीच्या दिवशी डोंगरात शिकारीला जातात आणि यांनाही ते रीतसर शिकायचे आहे. सह्याद्रीत भटकण्याची सवय आहे, पण बंदुकीचा अनुभव शाळेच्या जत्रेतल्या छऱ्यांपलीकडे नाही. रानबकरी, रानडुक्कर, हरीण आणि पुढेमागे ताहर (कड्यांवर राहणारा, रानशेळीसारखा प्राणी), या सर्वांसाठी चालेल अशी एकच रायफल त्यांना हवी आहे. अमेरिकेतल्या चुलतभावाने ‘एकदाच मोठी घे’ असे सांगून .३०० विंचेस्टर मॅग्नम या फार जोरदार काडतुसाची रायफल सुचवली आहे. पत्नीला हा छंद फारसा पसंत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

मी मुंबईत नेमबाजी शिकवतो आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहणाऱ्या नातेवाइकांमुळे तिथल्या डोंगरात शिकारीचा अनुभव घेतला आहे. त्या दोन्हींच्या आधारे हे उत्तर लिहितो.

आधी कायद्याचे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांबाबत शासन जी मर्यादित परवानगी देते ती छंदासाठी नसते. त्यामुळे इथे लिहिलेले काहीही शहापूर-मुरबाडच्या रानासाठी नाही. न्यूझीलंडची स्थिती मुळातच निराळी आहे. त्या देशात वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. तांबडे हरीण युरोपीय वसाहतकारांनी एकोणिसाव्या शतकात नेले. आपल्या हिमालयातला ताहर १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडण्यात आला. या प्राण्यांना खाणारा शिकारी प्राणी तिथे नसल्याने त्यांची संख्या वाढली, कोवळी झाडे आणि उंचावरची गवते उजाड होऊ लागली, आणि १९३० साली हरणांचे संरक्षण काढून घेण्यात आले. आज तिथल्या संवर्धन खात्याच्या बहुतेक जमिनींवर शिकारीची परवानगी विनामूल्य मिळते. जो ताहर हिमालयात आपण कायद्याने जपतो, तोच तिथे आवरावा लागतो. मात्र त्याची शिंगे किंवा कातडे सामानात घालून मुंबईला आणण्याचा विचारही करू नये. वन्यजीव कायदा आणि सीमाशुल्क या दोन्हींची अडचण येईल.

आता रायफलीकडे वळू. नवशिक्याच्या रायफलीत मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो : ही रायफल हा माणूस एका सकाळी वीस-पंचवीस वेळा, खांदा न चोरता आणि डोळा न मिटता, झाडू शकेल का? ज्या रायफलीची धास्ती वाटते तिचा सराव होत नाही, सराव नसला की गोळी पोटात किंवा पायात बसते, आणि जखमी जनावर दरीत उतरून दोन दिवस तडफडत मरते. शिकारीत यापेक्षा वाईट काही नाही, आणि तो दोष काडतुसाच्या ताकदीने भरून निघत नाही.

हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण धास्ती ज्याची त्याला कळत नाही. ती दाखवण्याची रेंजवर एक जुनी रीत आहे. शिकणाऱ्याला पाठ फिरवायला सांगून प्रशिक्षक मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्येच एखादे डमी काडतूस मिसळतो. शिकणारा नेम धरतो, श्वास सोडतो, चाप ओढतो. दोन गोळ्या नीट सुटतात. तिसऱ्या वेळी फक्त ‘टक्’ असा आवाज होतो, आणि त्या क्षणी नळीचे तोंड वीतभर खाली गेलेले, उजवा खांदा पुढे आलेला आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले सगळ्यांना दिसतात. न बसलेल्या धक्क्याला शरीराने आधीच उत्तर दिलेले असते. खरी गोळी असती तर हेच सारे धक्क्याखाली झाकले गेले असते आणि शिकणाऱ्याने स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीला, दोष दिला असता. एकदा अंगात मुरलेली ही सवय काढायला महिने जातात. ती लागू न देणे त्याहून पुष्कळ सोपे असते.

म्हणून चुलतभावाचा सल्ला मला मान्य नाही. स्कोप आणि काडतुसांसह ३.६ किलो भरणाऱ्या रायफलीत .३०८ विंचेस्टरचा धक्का साधारण २२ ज्यूल असतो, ७ एमएम-०८ चा १९ च्या आसपास, ६.५ क्रीडमूरचा १८ च्या आसपास, आणि त्याच वजनात .३०० विंचेस्टर मॅग्नमचा जवळजवळ ४० ज्यूल. गोळीचे वजन आणि दारूचे प्रमाण यांनुसार हे आकडे थोडे बदलतात, पण गुणोत्तर फारसे बदलत नाही. मॅग्नमचा उपयोग आहे, पण तो लांब पल्ल्यावर मोठे जनावर टिपणाऱ्या मुरलेल्या हातांसाठी. तुमच्यापासून दीडशे मीटरवर उभ्या असलेल्या हरणाला त्या जादा ताकदीची गरज नाही.

माझी शिफारस .३०८ विंचेस्टर किंवा ७ एमएम-०८ रेमिंग्टन यांपैकी एकाची आहे. .३०८ हे १९५२ पासून बाजारात असलेले काडतूस आहे. न्यूझीलंडमध्ये आडगावच्या दुकानातही ते मिळते, त्यात हलक्या-जड गोळ्यांची निवड मोठी आहे, आणि सरावाची स्वस्त काडतुसेही मिळतात. १५० ग्रेनची (सुमारे पावणेदहा ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने निघते आणि बकरीपासून पूर्ण वाढलेल्या तांबड्या नर हरणापर्यंत सर्वांना पुरते. ७ एमएम-०८ हे त्याच्याच कवचाचे तोंड आवळून तयार केलेले काडतूस. धक्का थोडा कमी, मार्ग थोडा सपाट, मात्र दुकानातली निवड थोडी मर्यादित. तुमची अंगकाठी किरकोळ असेल तर मी ७ एमएम-०८ कडे झुकेन. ६.५ क्रीडमूरही उत्तम आहे आणि ते निवडलेत तर मी अडवणार नाही. .२७० विंचेस्टर तिथल्या जुन्या शिकाऱ्यांचे लाडके आहे आणि ते योग्यच आहे, पण त्याचा धक्का आणि आवाज नवख्याला थोडा जास्त वाटतो. .२४३ विंचेस्टर फार सौम्य आहे, त्यावर शिकणेही सुखाचे. तरी मोठ्या नराच्या बाबतीत ते चुकीला फारशी जागा ठेवत नाही, आणि सुरुवातीला चुका होणारच, म्हणून एकमेव रायफल म्हणून ते मी सुचवत नाही.

पुष्कळांना वाटते की बोअर, म्हणजे काडतुसाचे माप, ठरले म्हणजे निवड संपली. माझ्या मते खरी निवड दुकानात, रायफल खांद्याला लावल्यावर सुरू होते. तयार रायफलींचा दस्ता बहुधा सहा फुटी माणसाच्या मापाचा असतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत सुमारे ३४ सेंटिमीटर. साडेपाच फुटांच्या आसपासच्या मराठी माणसाला तो अनेकदा लांब पडतो. तपासण्याची पद्धत अशी : विक्रेत्याकडून बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) उघडून चेंबर (काडतूस बसण्याची नळीतली जागा) आणि मॅगझिन रिकामे असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करून घ्यावी, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, डोळे मिटावेत, रायफल सहजपणे खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. स्कोपमधले चित्र पूर्ण, गोल आणि कडेला काळी सावली नसलेले दिसले पाहिजे. ते मिळवण्यासाठी मान ताणावी लागत असेल, किंवा गाल उचलून हवेत धरावा लागत असेल, तर ती रायफल कितीही नावाजलेली असली तरी परत ठेवावी. आणखी एक गोष्ट मुंबईकराच्या ध्यानात येत नाही. ही चाचणी तुम्ही एका शर्टावर द्याल आणि शिकार मात्र लोकरीचे कपडे व त्यावर पावसाळी जाकीट घालून कराल. तेवढ्याने दस्ता दीड-दोन सेंटिमीटरने लांब झाल्यासारखा वाटतो. म्हणून दुकानात जाताना डोंगरातले जाकीट बरोबर न्यावे. दस्त्यातल्या फळ्या काढून-घालून लांबी बदलता येणारी मॉडेल आता पुष्कळ आहेत. शक्य तर तसेच घ्यावे.

त्याच्याही आधी, आज घरी बसून एक तपासणी करावी. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे, आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहते तो तुमचा बळकट डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा बळकट असणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि तसे असेल तर डाव्या खांद्यावरून शिकण्याचा, म्हणजेच डाव्या बोल्टची रायफल घेण्याचा, निर्णय पैसे मोजण्यापूर्वी व्हायला हवा.

रचनेबाबत फार लिहीत नाही. बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून पुढचे काडतूस भरायची रायफल, घ्यावी. साधी, भक्कम, थंडीत आणि चिखलात चालणारी, आणि बोल्ट मागे ओढलेला असला की दुरूनही सुरक्षित दिसणारी. पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींपैकी सेंटरफायर (शिकारीच्या मोठ्या काडतुसांच्या) रायफली ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यानंतर २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने सामान्य परवानाधारकांसाठी जवळजवळ बंदच झाल्या आहेत, त्यामुळे तो विषय उरत नाही. फिनलंडची टिका टी३एक्स आणि जपानची होवा १५०० या दोन्ही तिथे भरपूर दिसतात. टिकाचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि ती हलकी आहे. होवा थोडी जड, थोडी स्वस्त आणि तितकीच अचूक. नवख्यासाठी मी होवाचे जादा वजन दोष मानत नाही, कारण तेच वजन धक्का शोषून घेते. तुम्ही हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढला असाल तर पाठीवरचा एकेक किलो काय म्हणतो ते तुम्हाला सांगायला नको. तरीही स्कोपसह साडेतीन किलोच्या फार खाली जाऊ नये. अडीच किलोच्या दिखाऊ ‘माउंटन’ रायफली हातात घेतल्यावर मोह पाडतात आणि झाडल्यावर शिक्षा करतात.

नळी आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, दस्ता सिंथेटिक. वरळीच्या समुद्रकाठच्या रेंजवर सराव करणाऱ्यांना खाऱ्या हवेत काळ्या पोलादावर तांबूस ठिपके किती लवकर उमटतात हे पाठ असते. दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा तर वर्षभर ओला. स्टेनलेसही गंजते, पण तुम्हाला तंबूत परतून तेलाचा फडका फिरवण्याइतका वेळ देते. नळीच्या तोंडाला सप्रेसरसाठी (आवाज दाबणाऱ्या नळकांड्यासाठी) आटे पाडलेले असावेत. तिथे सप्रेसर कायदेशीर आणि सर्रास वापरात आहे, तो आवाजाबरोबर धक्काही कमी करतो, आणि नवख्याची धास्ती घालवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. सप्रेसर लावणार असाल तर .३०८ ची नळी २० इंचांची पुरते. लांब नळीवर तो चढवला की झुडपांत पावलोपावली अडकते.

स्कोपसाठी ३-९×४० (तीन ते नऊपट विशालन, ४० मिलिमीटरचे भिंग) ही मध्यम मापाची, चांगल्या काचेची दुर्बीण पुरेशी आहे. मोठी भिंगे आणि पंचवीसपट विशालन यांवर पैसे घालवू नयेत. झाडीत चाळीस मीटरवर अचानक हरीण उभे राहते तेव्हा तिपटीवर ठेवलेला स्कोपच उपयोगी पडतो. डोळा आणि स्कोप यांत सुमारे नऊ सेंटिमीटरचे अंतर राहील असा तो बसवून घ्यावा, नाहीतर भुवईवर जखम होते. वाचलेले पैसे गळ्यात अडकवायच्या चांगल्या ८×४२ किंवा १०×४२ दुर्बिणीत घालावेत. याचे कारण केवळ सोय नाही. हलणारे काहीतरी स्कोपमधून ‘पाहणे’ म्हणजे भरलेली रायफल त्यावर रोखणे, आणि ते हलणारे काहीतरी माणूस असू शकते. मार्चअखेर ते एप्रिल या काळात नर हरणे ओरडतात, रानात शिकाऱ्यांची गर्दी होते, आणि आपल्याच सोबत्याला हरीण समजून गोळी घातल्याच्या घटना त्या देशात घडलेल्या आहेत. तिथल्या सुरक्षानियमांत ‘लक्ष्य निःसंशय ओळखा’ हा नियम आहे; डोके, मान, खांदा आणि मागचा भाग असे संपूर्ण जनावर दुर्बिणीत दिसल्याखेरीज रायफल खांद्याला लावायची नाही, असा अर्थ मी त्याचा शिकवतो.

काडतुसांबाबत एकच सांगणे : रायफल घेतल्यावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, हरणासाठी बनवलेली, पसरणाऱ्या गोळीची काडतुसे एकेक डबी आणावीत आणि १०० मीटरवर टेकू देऊन तीन-तीन गोळ्यांचे गट पाहावेत. प्रत्येक गटानंतर नळी थंड होऊ द्यावी. जी गोळी सातत्याने चार सेंटिमीटरच्या आत पडेल तीच पुढे वापरावी. याहून लहान गटाच्या मागे लागण्याची शिकारीत गरज नाही. मग १५० ग्रेनच्या .३०८ साठी नेम २०० मीटरवर जुळवला, तर गोळी १०० मीटरवर साधारण पाच सेंटिमीटर वर आणि ३०० मीटरवर वीस ते पंचवीस सेंटिमीटर खाली लागते. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग निदान वीस सेंटिमीटर व्यासाचा असतो, हे लक्षात घेतले की २०० मीटरपर्यंत काहीही हिशेब न करता छातीच्या मध्यावर नेम धरता येतो आणि ३०० मीटरवर तसाच नेम धरल्यास गोळी पायात जाऊ शकते. दोनशेची मर्यादा मी यासाठीच घालतो. ताहर कड्यांवर दुरून दिसतो, त्यामुळे त्याचा विचार पहिल्या हंगामात करू नये. जनावर दिसणे आणि ते मारण्याजोगे असणे यांतला फरक कळायला तेवढा काळ लागतोच. शिवाय कड्यावर पडलेल्या जनावरापर्यंत तुम्हाला पोहोचायचेही असते.

हातात असलेल्या पाच महिन्यांचे काय करावे? मुंबईत १० मीटर एअर रायफलच्या वर्गाला नाव घालावे, आणि पुढे .२२ या लहान काडतुसाच्या रायफलीची सोय मिळाली तर ५० मीटरवर. एअर रायफलला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे श्वास, चापावरचा दाब आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर नेमावर टिकून राहणे, या तीन गोष्टी निर्भयपणे अंगवळणी पडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले तो ५० मीटर थ्री पोझिशन्सचा. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने. डोंगरातल्या शिकाऱ्याला यांतल्या पहिल्या दोन अवस्था रोज लागतात. प्रशिक्षकाला सांगून बसण्याचा आणि गुडघ्यावरचा सराव मुद्दाम मागून घ्यावा. उभ्याने, आधाराशिवाय जनावरावर गोळी झाडणे नवख्याने टाळावेच.

पैसे कमी पडत असतील तर जुनी रायफल घ्यायला हरकत नाही. नळीचे तोंड ठेचलेले नसावे, चेंबरकडून उजेड धरून पाहिल्यावर आतले आटे स्वच्छ आणि धारदार दिसावेत, स्कोपच्या बैठकीचे स्क्रू झिजलेले नसावेत. शक्य तर विकत घेण्याआधी रेंजवर झाडून पाहावी. स्वस्तात मिळणाऱ्या नव्या रायफल-स्कोप संचांपेक्षा चांगल्या घरात राहिलेली जुनी रायफल मला केव्हाही बरी वाटते.

राहता राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न, आणि तो तुम्ही शेवटी लिहिला असला तरी परवान्याच्या दृष्टीने तो पहिला आहे. तिथे सुरक्षेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा झाल्यावर अधिकारी घरी येऊन तुमच्याशी बोलतात, आणि जोडीदाराचे म्हणणेही स्वतंत्रपणे ऐकून घेतात. पहिला परवाना पाच वर्षांचा असतो, रायफलीची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते, आणि कपाट भिंतीला वा जमिनीला पक्के बसवलेले आहे की नाही हे तपासले जाते. पत्नीकडे परवाना नसेल तर कपाटाची किल्ली तिच्या हाती लागेल अशा जागी ठेवणेही नियमाविरुद्ध आहे. म्हणून त्यांना मुंबईतच एकदा रेंजवर बरोबर न्यावे, रिकामी रायफल कशी ओळखायची हे प्रशिक्षकाकडून शिकून घेऊ द्यावे, आणि घरात शस्त्र असण्याबद्दल त्यांच्या ज्या शंका असतील त्या रायफल घेण्यापूर्वी पूर्ण ऐकाव्यात. त्या ऐकूनही त्यांची तयारी नसेल, तर पहिले वर्ष परवानाधारक सहकाऱ्याच्या थेट देखरेखीखाली, त्याच्याच रायफलीवर शिकता येते. तिथला कायदा त्याला मुभा देतो.